नजरेच्या तराजूचा पासंग

ज्या घरांत दोन-तीन पिढ्या दुकान चालत आले आहे, त्या घरांना पासंग म्हणजे काय हे सांगण्याची आवश्यकता नाही. दांडीचा तराजू हाती घेतला की जुनी माणसे माल टाकण्यापूर्वी दोन्ही पारडी रिकामी ठेवून दांडी समतोल राहते का ते पाहत. एक पारडे किंचित खाली राहिले, तर दुसऱ्या बाजूस चिंधी किंवा खडा बांधून तो फरक काढीत आणि मगच ग्राहकाचा माल तोलीत. वजने शिक्क्याची असोत, तोलणारा हात प्रामाणिक असो. पासंग राहून गेला तर प्रत्येक तोल चुकतो, आणि दर वेळी एकाच बाजूने चुकतो. आता इलेक्ट्रॉनिक काटे आले, तरी रीत बदललेली नाही. भांडे ठेवून आकडा शून्यावर आणल्याखेरीज आजही कोणी तूप मोजून देत नाही.

मालाच्या बाबतीत इतकी काळजी घेणारे आपण माणसाचे शरीर मात्र नजरेने तोलतो, आणि त्या नजरेचा पासंग कधी तपासत नाही. जाड दिसला की आळशी, खादाड, विनोदी; बारीक दिसला की अशक्त, नाजूक, कुचकामी. हे निकाल आपण क्षणात देतो. घरात त्यांची चेष्टा होते आणि ती विसरलीही जाते. परंतु खेळाच्या मैदानावर आणि खेळाच्या नावाने चालणाऱ्या करमणुकीत हेच निकाल माणसाला संघात घेतात किंवा संघाबाहेर ठेवतात. त्याविषयी चार गोष्टी मांडाव्यात, असे बरेच दिवस मनात होते.

आमचे मनमाड हे तसे वजनाचेच गाव. अन्न महामंडळाची गोदामे, रेल्वेचा मालधक्का, बाजार समितीतील कांद्याचे लिलाव, रस्त्याकडेचे वजनकाटे. कर्ज विभागात काम करीत असताना मालाच्या तारणाची तपासणी करण्यासाठी मी अनेक गोदामांत गेलो आहे. तेथील हमालांना ज्याने पाहिले आहे, त्याला शरीर पाहून ताकद सांगता येत नाही हे वेगळे शिकवावे लागत नाही. पन्नास किलोचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून थप्पीवर चढणारा माणूस बहुधा सडपातळ असतो. रस्त्यात भेटला तर त्याच्या अंगी एवढे बळ असेल असे कोणी म्हणणार नाही.

आमच्या पिढीला रेल्वे स्थानकांवरची वजनाची यंत्रे आठवत असतील. वर रंगीत दिवे, आत फिरणारे चक्र, खाली नाणे टाकण्याची फट. नाणे टाकले की खटकन जाड कागदाचे छोटे तिकीट बाहेर पडे. त्याच्या एका बाजूस वजन छापलेले असे आणि दुसऱ्या बाजूस भविष्य. गाडीची वाट पाहणारी मुले वजनाकडे ढुंकूनही न पाहता भविष्य मोठ्याने वाचत. ती निव्वळ गंमत होती. वजनावरून भविष्य ठरते असे ते तिकीट घेणाऱ्या कोणालाही वाटत नसे. आज खेळाच्या जगात मात्र अनेक मुलांच्या हाती खरोखरच असे तिकीट दिले जाते. एका बाजूला वजन, आणि त्याच आधाराने दुसऱ्या बाजूला त्याचे भविष्य.

याउलट एक उदाहरण आमच्याच गावात घडले आहे, आणि त्याचा मनमाडकर म्हणून मला अभिमान आहे. येथील जय भवानी व्यायामशाळेत प्रशिक्षक प्रवीण व्यवहारे यांच्या मार्गदर्शनाखाली वेटलिफ्टिंग करणाऱ्या मुलामुलींनी राष्ट्रीय पातळीवर गावाचे नाव नेले. त्यांतील आकांक्षा व्यवहारे हिने जून २०२२ मध्ये मेक्सिकोतील लिऑन येथे झालेल्या युवा जागतिक स्पर्धेत ४० किलो वजनगटात रौप्यपदक मिळवले. स्नॅच प्रकारात ५९ किलो आणि क्लीन अँड जर्क प्रकारात ६८ किलो, असे एकूण १२७ किलो तिने उचलले. स्वतःचे वजन जेमतेम ४० किलो असलेली शाळकरी मुलगी ६८ किलोचा भार डोक्यावर तोलून धरते, हे चित्र क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. एखाद्या समारंभात हीच मुलगी कोणाला भेटली असती, तर ‘किती बारीक आहेस गं, काही खात नाहीस का?’ एवढाच प्रश्न तिच्या वाट्याला आला असता.

वेटलिफ्टिंग हा खेळ मला बँकेच्या दृष्टीने फार आवडतो, कारण त्यात सर्व व्यवहार नोंदीवर चालतो. स्पर्धेच्या दोन तास आधी खेळाडूंचे वजन घेण्यास सुरुवात होते. त्यावरून गट निश्चित होतो. प्रत्येकाला दोन्ही प्रकारांत तीन-तीन संधी मिळतात आणि दोन्हींतील सर्वोत्तम आकड्यांची बेरीज हा निकाल. शरीराचे वजन तेथे मोजतात ते न्याय्य तुलना व्हावी म्हणून. चाळीस किलोच्या मुलीची स्पर्धा चाळीस किलोच्याच मुलीशी व्हावी म्हणून. एकदा गट ठरला की खेळाडू जाड की बारीक, हा विषय संपतो. आणि सर्वांत वरच्या गटाला वरची मर्यादाच नसते, ही त्यातील फार सुंदर गोष्ट आहे. कितीही भारी शरीराला तेथे जागा आहे.

टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, आपल्या मीराबाई चानूने ४९ किलो गटात २०२ किलो उचलून रौप्यपदक जिंकले. त्याच स्पर्धेत ८७ किलोंवरील गटात चीनच्या ली वेनवेनने ३२० किलो उचलून सुवर्णपदक मिळवले. एक लहानखुरी, दुसरी प्रचंड. दोघींचे शरीर एकाच व्यासपीठावर, एकाच नियमाने, सारख्याच सन्मानाने उभे राहिले. महिलांना या खेळात ऑलिंपिकचे दार उघडले तेच मुळी २००० साली सिडनी येथे, आणि त्याच वर्षी कर्णम मल्लेश्वरीने भारताला कांस्यपदक मिळवून दिले. तोपर्यंत वजन उचलणे हे बाईचे काम नाही, असा नजरेचा निकाल होता. खेड्यापाड्यांतून डोक्यावर पाण्याचे दोन-दोन हंडे वाहणाऱ्या बायका मात्र तेव्हाही होत्या.

नजरेचा हा दोष केवळ जाड माणसांच्या वाट्याला येतो असे नाही. आपल्या महाराष्ट्राच्या क्रीडा इतिहासातील सर्वांत मोठे नाव याच दोषाने अडवले गेले होते. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत असताना, वार्षिक क्रीडा स्पर्धेत कुस्तीसाठी नाव देण्यास गेले. त्यांची लहानखुरी चण पाहून क्रीडाशिक्षकांनी नाव घेण्यास नकार दिला, अशी हकिकत सांगितली जाते. खाशाबा प्राचार्यांकडे गेले, प्राचार्यांनी संधी दिली आणि त्यांनी आपल्याहून थोराड मल्लांना चीत केले. पुढे १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले, आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेते ठरले.

हेलसिंकीच्या प्रवासासाठी पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आयुष्यभर तारण, जामीन आणि परतफेड यांच्या कागदांत वावरलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही गोष्ट विशेष भिडते. एकाने शरीर पाहिले आणि नाव लिहिण्याचेही नाकारले. दुसऱ्याने कुस्ती पाहिली आणि राहते घर गहाण ठेवले. माणूस तोच, चण तीच. फरक होता तो पाहणाऱ्याने कशाकडे पाहिले याचा.

कुस्तीच्या बाबतीत आणखी एक आठवण ताजी आहे. ७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथे विनेश फोगट ५० किलो गटाच्या अंतिम लढतीपूर्वी १०० ग्रॅम अधिक भरली आणि अपात्र ठरली. शंभर ग्रॅम म्हणजे किराणा दुकानातील जिऱ्याची एक लहान पुडी. आदल्या रात्री तिने वजन उतरवण्यासाठी घाम गाळला, केसही कापले. सारा देश हळहळला, मीही हळहळलो. परंतु त्या काट्याने तिचा अपमान केला नाही. तो सर्वांसाठी सारखा होता, आधी जाहीर केलेला होता, आणि त्याने एका आकड्यापलीकडे काहीही म्हटले नाही. नियम कठोर असू शकतो, त्यावर वादही होऊ शकतो. अपमान केला तो नंतरच्या काही जिभांनी, ज्यांनी ‘एवढेसे वजन आवरता आले नाही का’ म्हणून घरी बसल्या तोंडसुख घेतले.

ज्या खेळांत वजनाचे गट नाहीत, तेथे ही जीभ अधिक सैल सुटते. क्रिकेट हे त्याचे ठळक उदाहरण. मुंबईचा ऑफस्पिनर रमेश पोवार भारताकडून दोन कसोटी आणि एकतीस एकदिवसीय सामने खेळला. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्याने साडेचारशेहून अधिक गडी बाद केले. त्याच्या चेंडूची उंची, फिरकी आणि धैर्य यांवर एखादा सुंदर लेख लिहिता येईल; परंतु प्रेक्षकांना त्याचे पोट आणि रंगीत चष्मा तेवढा आठवतो. हिशोबाच्या वहीत शेकडो जमा नोंदी असाव्यात आणि वाचणाऱ्याने वहीचे पुठ्ठेच पाहून मत द्यावे, तसे हे झाले.

सर्फराज खान याची गोष्ट अलीकडची. मुंबईकडून २०१९-२० च्या रणजी हंगामात त्याने ९२८ धावा केल्या, २०२१-२२ मध्ये ९८२. तरीही भारतीय संघाचे दार उघडेना, आणि त्याच्या अंगकाठीची चर्चा मात्र सर्वत्र होत राहिली. तेव्हा, जानेवारी २०२३ मध्ये, सुनील गावसकर यांनी उघडपणे म्हटले की, निवडकर्त्यांना केवळ सडपातळ मुलेच हवी असतील तर त्यांनी फॅशन शोमध्ये जाऊन मॉडेल निवडावेत आणि त्यांच्या हाती बॅट-चेंडू द्यावेत. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये राजकोट येथे सर्फराजला कसोटी पदार्पण मिळाले आणि त्याने पहिल्याच सामन्यात ६२ आणि नाबाद ६८ धावा केल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बंगळुरू येथे न्यूझीलंडविरुद्ध १५०. त्यानंतर २०२५ मध्ये त्याने १७ किलो वजन उतरवल्याचे छायाचित्र सर्वत्र झळकले. त्या वर्षीच्या इंग्लंड दौऱ्याच्या कसोटी संघात मात्र त्याचे नाव नव्हते. निवडीला अनेक कारणे असतात आणि ती निवडकर्तेच जाणोत. मला एवढेच दिसते की दीडशे धावांपेक्षा सतरा किलोंची बातमी लोकांनी अधिक चवीने वाचली.

मार्च २०२५ मध्ये चॅम्पियन्स करंडक स्पर्धा सुरू असताना आपल्या रोहित शर्माला एका राजकीय पक्षाच्या प्रवक्त्यांनी समाजमाध्यमावर जाड म्हटले. टीका झाली, मजकूर काढून टाकला गेला. आठवड्याभरातच, ९ मार्च रोजी, दुबईतील अंतिम सामन्यात रोहितने ८३ चेंडूंत ७६ धावा केल्या, सामनावीराचा मान मिळवला आणि कर्णधार म्हणून करंडक उचलला. अनेकांना वाटले, परस्पर उत्तर मिळाले. मला मात्र असे वाटते की, रोहित त्या दिवशी शून्यावर बाद झाला असता तरी ते बोलणे तितकेच अयोग्य ठरले असते. शतक काढून आपल्या शरीराची माफी मागायची, असा नियम कोणत्या खेळात आहे?

येथे कोणी म्हणेल की खेळाडूला तंदुरुस्ती नको का? अवश्य हवी, आणि ती मोजण्याची साधनेही आहेत. क्रिकेटमध्ये यो-यो चाचणी घेतात. वीस मीटरच्या अंतरावर धावत ये-जा करायची, गती वाढत जाते, जो जितका टिकेल तितके त्याचे गुण. २०१८ साली या चाचणीत संजू सॅमसनसारखा सडपातळ, चपळ खेळाडू कमी पडला आणि त्याची दौऱ्याची संधी गेली. नजरेने पाहणाऱ्या कोणीही त्याला अपात्र ठरवले नसते. हाच मुद्दा आहे. काम तपासायचे असेल तर कामाची चाचणी घ्यावी. धावणे हवे तर धावायला लावावे, झेल हवे तर झेल द्यावेत. आकार ही चाचणी नव्हे.

खेळाच्या करमणुकीत तर आकार हाच माल झालेला आहे. नव्वदच्या दशकात आमच्या घरातील मुले दूरदर्शनवरील परदेशी कुस्तीने वेडी झाली होती. त्या मल्लांची चित्रे असलेली ट्रम्प कार्डे बाजारात आली. प्रत्येक कार्डावर उंची, वजन, छाती, दंड यांचे आकडे. ज्याचा आकडा मोठा त्याने समोरच्याचे कार्ड जिंकायचे. जिन्यात बसून मुले तासन्‌तास माणसांचे आकडे लढवीत. पुरुष जितका अवाढव्य तितका तो त्या खेळात किमती. त्याच रिंगणातील स्त्रियांना मात्र उलटे माप लावले जाई. मिकी जेम्स ही त्या क्षेत्रातील मुरलेली, अनेकदा विजेती ठरलेली कुस्तीगीर. २००९ च्या अखेरीस तिच्या कथानकात असा प्रसंग लिहिला गेला की प्रतिस्पर्धी स्त्रियांनी आठवड्यामागून आठवडे तिला जाड म्हणून हिणवायचे, तिच्या नावाला ‘पिगी’ जोडायचे. जानेवारी २०१० मध्ये त्याच कथानकात तिला विजेतेपदही देण्यात आले. प्रसंग लिहिलेला होता, विजयही लिहिलेला होता, हे प्रेक्षकांना ठाऊक असते. परंतु ज्या शरीराला हसले गेले ते खरे होते, आणि ते दृश्य पाहणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या मुलींची शरीरेही खरीच होती.

आपल्याकडे कोणी म्हणेल की डॉक्टरही वजनाचा निर्देशांक काढतातच. काढतात, आणि त्यांनी काढावा. वजन किलोत, उंची मीटरमध्ये. वजनाला उंचीच्या वर्गाने भागले की तो आकडा मिळतो. वाणिज्य शाखेत संख्याशास्त्र शिकलेल्यांना त्याचे मूळ जाणून घ्यायला आवडेल. हे सूत्र १८३० च्या दशकात बेल्जियमचे अडॉल्फ केटले यांनी मांडले, आणि ते वैद्य नव्हते, तर गणिती व संख्याशास्त्रज्ञ होते. त्यांना हजारो माणसांच्या समूहाची सरासरी हवी होती. १९७२ मध्ये अमेरिकेतील अँसेल कीज यांनी त्याला आजचे नाव दिले. समूहासाठी काढलेले सूत्र एकट्या माणसाला लावताना जपून लावावे लागते, कारण त्यात स्नायू आणि चरबी यांचा भेद नाही. अमेरिकेची रग्बीपटू इलोना माहेर, आडनाव आपल्या कानाला अगदी घरचे वाटावे अशी, हिने स्वतःच सांगितले की या सूत्रानुसार तिचा आकडा तिसाच्या जवळ जातो. अधिक वजनाचा म्हणूनच तो गणला जाईल. तिने पॅरिस ऑलिंपिकमध्ये संघासह कांस्यपदक मिळवले. बँकेत आम्ही केवळ चालू गुणोत्तर पाहून कर्ज मंजूर करीत नसू. ताळेबंद, उलाढाल, उधारीची वसुली, माणसाचा पूर्वेतिहास हे सर्व पाहावे लागे. एका आकड्यावर निर्णय घेणारा अधिकारी लवकरच अडचणीत येतो.

करमणुकीचा हा संस्कार पडद्यावरच थांबत नाही. तो कचेरीत आणि घरात येतो. माझे एक रोखपाल सहकारी अंगाने बरेच भारी होते. आमच्या शाखांच्या क्रिकेट सामन्यांत त्यांना कोणी खेळायला बोलावत नसे. दर वर्षी धावसंख्या लिहिण्याची वही त्यांच्याकडे दिली जाई. त्यांनी ती विनातक्रार लिहिली. तीस वर्षांच्या सेवेत त्यांच्या काउंटरची रोकड एका रुपयाने कमी-अधिक झाल्याची नोंद नाही. त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात एकामागून एक भाषणे झाली. त्यांच्या खुर्चीविषयी, जेवणाच्या डब्याविषयी, जिन्यावरच्या धापेविषयी विनोद झाले. त्या रोकडीचा उल्लेख फारसा कोणी केला नाही. ते स्वतः सर्वांसोबत हसत होते. पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी हसत नव्हत्या.

आणखी एक गोष्ट घरातील आहे. माझ्या पुतण्याची मुलगी नववीत शिकते. अंगाने भरलेली, खांद्यांनी मजबूत. गेल्या वर्षी ती शाळेच्या कबड्डी संघात होती आणि कोपऱ्यावरून पकड करण्यात तिचा हातखंडा होता. एका लग्नात नात्यातील एक बाई चारचौघींत म्हणाल्या, ‘हिला कबड्डीत घेतात ते समोरच्या मुलीला चिरडण्यासाठीच असेल!’ सगळ्या हसल्या, तीही हसली. दुसऱ्या आठवड्यापासून तिने सरावाला जाणे बंद केले. कारण विचारले तर अभ्यास. काही दिवसांनी मी एकटा बसलेला पाहून ती जवळ आली.

‘दादाजी, चौदाव्या वर्षी वजन किती असायला हवं?’

‘कशासाठी, बेटा?’

‘असंच.’

‘असंचसाठी मला आकडा ठाऊक नाही. तब्येतीसाठी असेल तर आपण डॉक्टरांना विचारू. कबड्डीसाठी असेल तर तुझ्या सरांना विचार. लग्नात आलेल्या पाहुण्यांसाठी असेल, तर त्यांनी आपला काटा आपल्या घरी वापरावा.’

ती थोडी हसली. अजून ती संघात परतलेली नाही. मात्र रविवारी सकाळी वडिलांबरोबर मैदानावर जाऊन गोळा फेकते, आणि घरी आल्यावर किती लांब गेला ते मला सांगते. वजन सांगत नाही.

येथे आपल्या व्यापारी कुटुंबांविषयी प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. गादीवर बसून दिवस जातो, सणासुदीला फरसाण-मिठाईचे ताट भरलेले असते, आणि मधुमेह व रक्तदाब अनेक घरांत ठाण मांडून आहेत. वजनाची काळजी वाहणे योग्यच आहे. परंतु चेष्टेने वजन उतरत नाही, मूल तेवढे मैदानावरून उतरते. ज्या मुलाला मैदानाची गरज सर्वांत अधिक, त्यालाच आपण हसून मैदानाबाहेर बसवतो आणि पुढे त्याच्या आरोग्याची चिंता करतो. या व्यवहारात नफा कोणाचा?

म्हणून काही साध्या गोष्टी घरात पाळता येतील. मुलांच्या शरीराविषयी चारचौघांत बोलू नये, कौतुकानेही बोलू नये. ‘किती छान बारीक झालीस’ हे वाक्यही दुसऱ्या मुलीच्या कानावर पडत असते. आरोग्याविषयी सांगायचे असेल तर एकट्याला, प्रेमाने आणि शक्यतो डॉक्टरांच्या साक्षीने सांगावे. शाळेत किंवा मंडळाच्या स्पर्धेत मुलाचे नाव नाकारले गेले, तर पालकांनी शांतपणे एवढेच विचारावे की चाचणी कोणती घेतली आणि निकाल काय आला. चाचणीच घेतली नसेल, तर ती घेण्याची विनंती करावी. समाजाच्या युवक मंडळांचे सामने भरवणाऱ्यांनी धावसंख्येची वही कायम एकाच माणसाच्या हाती का जाते, हेही एकदा पाहावे.

आणि सुट्टीत मनमाडला नातेवाइकांकडे येणे झाले, तर एखाद्या संध्याकाळी मुलांना घेऊन वेटलिफ्टिंगचा सराव पाहावा. बारीक मुली, रुंद मुले, उंच, बुटके, सर्व एकाच लोखंडापुढे रांगेत उभे असतात. आपली पाळी आली की हाताला पावडर लावून पुढे येतात. दांडा वर गेला तर गेला, नाही गेला तर पुन्हा प्रयत्न. कोण कसा दिसतो याकडे पाहायला तेथे कोणाला उसंत नसते.